बुवा उठू देत नाही

वखारीतल्या सुनेचं त्या दिवशी सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि नवऱ्याने तो चहा निमूट पिऊन कप खाली ठेवला. त्याचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. दुपारी नगरपालिकेच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. बुवाची परीक्षा होती. पास झाला तर बुवा घरात राहणार. नापास झाला तर जाळीची गाडी येणार, त्याला गावाबाहेरच्या कोंडवाड्यात नेणार, आणि मग पुढचं कुणी बोलत नव्हतं.

तर आधी बुवा कोण, ते सांगायला हवं. बुवा म्हणजे या घरचा कुत्रा. पण कुत्रा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते आधी पुसून टाका. शेपूट हलवणारं, चेंडूमागे धावणारं असलं काही नाही. मास्टिफ जातीचा तो ऐवज होता. उभा राहिला की पाठ सुनेच्या कमरेला लागे. छाती अशी रुंद, की समोरून पाहिलं तर मागे कुत्रा आहे की नुसतीच छाती, असा प्रश्न पडावा. अंग गव्हाळ, आणि तोंड मात्र काळंभोर. जणू स्वारी आत्ताच कोळशाच्या पोत्यात डोकं घालून आली आहे. डोकं पाट्यावरवंट्याच्या पाट्याएवढं. गालांची कातडी दोन्ही बाजूंनी लोंबणारी आणि तिच्या टोकाला लाळेची एक तार कायमची. त्या तारेपायी घरात प्रत्येकाच्या खांद्यावर एक जुनं फडकं असे. आणि कपाळावर आठ्या! एवढ्या आठ्या, की पाहणाऱ्याला वाटावं, साऱ्या जगाच्या कल्याणाची काळजी देवाने या एकट्यावर सोपवली आहे. त्या आठ्यांमुळेच तर त्याचं नाव बुवा पडलं.

स्वभावही नावाला शोभणारा. भुंकणं त्याला कमीपणाचं वाटे. आख्ख्या वर्षात तो एकदा भुंकला होता. पत्र्याचं छप्पर झणझणलं, करवतीवरचा कामगार काम टाकून खाली बसला, आणि बुवाला स्वतःलाच इतकी लाज वाटली, की तो फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन लपला. लपला म्हणजे डोकं लपलं. बाकीचा बुवा बाहेरच होता. कुणी रागावून बोललं की तो भिंतीकडे तोंड करून बसे आणि समजूत काढल्याशिवाय वळत नसे. माया करायची त्याची रीत एकच, अंगावर रेलायचं. सून लग्न होऊन आली, नव्या घरात कावरीबावरी उभी होती, तेव्हा हा प्राणी शांतपणे येऊन तिच्या पायांवर रेलला. ती सरळ दाराच्या चौकटीवर आदळली. पण त्या घरात तिला पहिला आधार कुणी दिला असेल, तर त्याने. आदळून का होईना.

हा बुवा मुळात सासऱ्यांचा, मामंजींचा. मामंजी देवाच्या कथा गाऊन सांगत. धंदा लाकडाचा, पण जीव गाण्यात. रोज संध्याकाळी करवत बंद झाली, की आतल्या शेडमध्ये फळ्यांवर शेजारीपाजारी, कामगार, कुणीकुणी येऊन बसत, आणि मामंजी उंच थप्पीवर बसून सुरू करत. गाता गाता गोष्ट, गोष्टीत गाणं, मधेच असा काही विनोद, की लोकांची हसून मुरकुंडी वळे, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळतही नसे. एका श्रोत्याने परगावी जाताना त्यांना हे पिल्लू दिलं. तेव्हा ते उशीएवढं होतं. मामंजी कथा सांगत आणि पिल्लू मांडीवर झोपे. मग मांडी पुरेना, तेव्हा ते शेडच्या फाटकात आडवं पडून ऐकू लागलं. लोक म्हणत, हा मागच्या जन्मीचा भाविक. कथेच्या शेवटी मामंजी दोन ओळी म्हणत:

सरली कथा, उठा आता, देव येतो संगे
वाट सोपी, घर जवळ, मन नामी रंगे

ओळी संपल्या की लोक गुडघे धरत, उसासे टाकत उठत, बुवाही आळस देऊन उठे, फाटकातून बाजूला होई, आणि माणसं घरोघर जात. हे इतकं रोजचं होतं, की कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग मामंजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता बोलायला गेले की नुसती हवा येई. शेडमधल्या संध्याकाळी ओस पडल्या. मामंजी दिवसभर थप्पीवर बसत, शेजारी बुवा, त्याच्या कपाळावरच्या आठ्यांतून बोट फिरवत. घरात कुणाशी हातवारे करायलाही त्यांना कंटाळा येई. बुवाशी मात्र ते तासन् तास काहीबाही पुटपुटत. सुनेला पक्कं ठाऊक होतं, कुत्रा गेला तर मामंजीही गेल्यातच जमा.

आणि नेमकं तेव्हापासून बुवाचं डोकं फिरलं. वीज कंपनीचा मीटरवाला शेडमध्ये आला होता. जायला निघाला तर बुवाने त्याला जाऊच दिलं नाही. चावला नाही, गुरगुरला नाही, नुसता वाटेत उभा राहिला. तो डावीकडे सरकला की हा डावीकडे, तो उजवीकडे की हा उजवीकडे. शेवटी बिचारा खिडकीतून उडी मारून पळाला. मग पाळी आली समोरच्या शिंप्याची. तो कापडं बेतायच्या टेबलासाठी फळी बघायला आला होता. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि शिंपी आत अडकलेला! बऱ्याच वेळाने तोही खिडकीतूनच सुटला. एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट त्या दिवशी अर्धाच राहिला. शिंप्याने दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत तक्रार ठोकली: कुत्रा माणसं कोंडतो.

"नुसता बघितला तरी धोकादायक दिसतो," तो म्हणाला होता. "परीक्षा घ्या म्हणावं. होऊ दे काय ते."

म्हणून ही परीक्षा.

सकाळपासून नवऱ्याने बुवाला तीनदा पुसून काढला होता. दुपारी तो पावडरचा डबा घेऊनच आला.

"हे काय?" सून म्हणाली.

"तोंड काळं आहे ना, त्याने उग्र दिसतो. जरा पावडर लावली तर चेहरा सौम्य वाटेल."

"अहो, तो कुत्रा आहे, नवरदेव नाही!"

"लावून तर बघू."

लावून बघितली. काळ्या तोंडावर पांढरे पट्टे उठले, डोळ्यांभोवती वर्तुळं राहिली, आणि बुवा असा काही दिसू लागला, की करवतीवरचा कामगार लांबूनच म्हणाला, "मी आज सुट्टी घेऊ का?" सुनेने ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. तोवर बाहेर स्कूटर थांबली.

डॉक्टरीणबाई चांगल्या धिप्पाड होत्या, केस आखूड, हातात छत्री आणि पत्र्याचा एक डबा. त्यांच्या मागोमाग शिंपी आला. तक्रार त्याची, म्हणून त्याला हजर राहायला सांगितलं होतं. गळ्यात टेप तशीच. तो आला तो थेट फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिला.

"मालक कोण?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने मामंजींकडे बोट केलं. मामंजींनी हात जोडले. थप्पीवर ताठ बसले होते.

"त्यांना बोलता येत नाही," सून म्हणाली. "काय विचारायचं ते मला विचारा, ताई."

"विचारायचं काही नाही. मी बघते. सगळ्यांनी लांब उभं राहायचं. कुत्र्याला कुणी हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही."

बुवा फाटकाशी पसरला होता. बाई त्याच्या अंगावरून ओलांडून आत आल्या. तो हलला नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कान धरले, उलटे केले, आत पाहिलं. बाईंनी त्याचे लोंबते गाल वर उचलून दात बघितले. असले दात, की नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बुवाने जांभई दिली. लाळेची तार बाईंच्या बाहीवर जाऊन बसली.

"वा," बाई म्हणाल्या. "प्रसाद मिळाला."

त्यांनी एकदम छत्री उघडली. फट्कन! शिंपी दचकला, मामंजी दचकले, बुवाने एक डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला. बाईंनी पत्र्याचा डबा फरशीवर आपटला. वखारीतली सगळी चिमणीपाखरं उडाली. बुवा घोरू लागला.

"हा जिवंत आहे ना?" शिंपी थप्पीमागून म्हणाला.

"तुमच्यापेक्षा शांत आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी शिंप्याला बोलावलं. अनोळखी माणूस अंगावर धावून आला तर काय होतं, ते बघायचं होतं. "धावा त्याच्याकडे. हात वर करा, ओरडा."

"मी?"

"तक्रार तुमची आहे."

शिंपी बापडा घाबरत घाबरत दोन पावलं धावला आणि "ए" म्हणाला. बुवा उठला. उठला म्हणजे जमिनीतून एखादी टेकडी वर यावी तसा सावकाश उठला, शिंप्याकडे आला, त्याचे पाय हुंगले, आणि त्याच्यावर रेलला. शिंपी सरळ लाकडाच्या भुशाच्या ढिगात!

सगळे हसले. शिंपीसुद्धा थोडा हसला, मग आठवण होऊन गप्प झाला. डॉक्टरीणबाईंनी हात झटकले. "असला थंड कुत्रा मी बऱ्याच दिवसांत बघितला नाही. रूप राक्षसाचं आणि काळीज गाईचं. माझ्या मते हा पास."

सुनेच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. नवऱ्याने टाळी वाजवली. मामंजींनी वर बघून हात जोडले, ओठांतून हवेचा एक झोत आला. तो देवाच्या नावाचा होता, हे सुनेला न ऐकताच कळलं.

"बसा ना ताई, चहा घ्या!" ती धावत आत गेली, धावत चहा घेऊन आली. या वेळी साखर दोनदा चाखून पाहिली. बाई एका फळीवर बसल्या. शिंपी तोंड पाडून दुसऱ्या फळीवर बसला. चहाला मात्र त्याने नाही म्हटलं नाही. बुवा जाऊन फाटकात आडवा झाला. कसं सगळं घरगुती, आनंदाचं वाटत होतं.

चहा संपला. बाई उठल्या, छत्री घेतली, फाटकाकडे निघाल्या.

बुवा उभा राहिला.

"सरक बाबा," बाई म्हणाल्या आणि डावीकडून निघाल्या. बुवा डावीकडे आला. उजवीकडून निघाल्या. बुवा उजवीकडे. तोच संथ चेहरा, त्याच आठ्या.

"बघा!" शिंपी ओरडला. "बघा, बघा! मी हेच सांगत होतो! आता घ्या परीक्षा!"

बाईंनी बुवाच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. त्याला वाटलं, माया करताहेत. तो उलट रेलला. बाई कशाबशा सावरल्या. नवऱ्याने पट्टा धरून ओढलं. बुवाचे पंजे जमिनीला जणू खिळ्यांनी ठोकले होते, आणि मग तो फाटकातच आडवा पसरला. बाईंनी त्याला ओलांडून पाय टाकला, तसं त्याने मान वर केली आणि त्यांचं मनगट तोंडात धरलं.

सगळ्यांचं रक्त गोठलं.

"दात लागले?" सुनेने पुढे धावत विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्या हललेल्या नव्हत्या. "अंडं धरावं तसं धरलंय. नुसतं गरम आणि ओलं आहे." त्यांनी पाय मागे घेतला. बुवाने लगेच मनगट सोडलं. बाईंनी हात पुसला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "पण धरलं. ताई, मला वाईट वाटतं. चावला नाही हे मी सांगेन. तरी जो कुत्रा माणसाला अडवतो आणि हात तोंडात धरतो, त्याला वस्तीत ठेवा असं मला म्हणता येणार नाही."

"अहो, पण आत्ताच तर पास म्हणालात!"

"आत्ता मी बाहेर जाऊ शकत नाही, ते दिसतंय ना? मला आणखी दोन ठिकाणी जायचंय. हा आपण होऊन बाजूला झाला तर ठीक. नाहीतर मला गाडीच बोलवावी लागेल." त्यांनी फोन काढला.

"थांबा, थांबा! मी खाटकाकडून काहीतरी घेऊन येतो," नवरा म्हणाला. "मांस दिसलं की हलेल." आणि तो बुवाच्या अंगावरून टांग टाकून तीरासारखा बाहेर गेला. बुवाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांना बरं जाऊ दिलं!" बाई चकित झाल्या.

"ते घरचे," सून म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यात काहीतरी हललं. कामगार नाही का दिवसभर याच फाटकातून ये-जा करत? मघाशी बाई उभ्या होत्या, फिरत होत्या, तेव्हा तर बुवा चक्क झोपला होता. मीटरवाला? त्याने पाणी मागितलं होतं. मीच म्हटलं, बसा. तो फळीवर बसला होता. शिंपीभाऊ? फळ्या बघून दमले म्हणून बसले होते.

बसले होते!

तिने बुवाकडे पाहिलं. बुवा बाईंकडे बघतच नव्हता. शिंप्याकडेही नाही. त्याचे कान उभे होते आणि डोळे थप्पीवर, मामंजींच्या तोंडावर. मामंजींचे ओठ हलत होते. हवा येत होती, जात होती. डोळे भरले होते. ते काय म्हणत होते ते तिला कळलं, आणि बुवा कशाची वाट बघतोय तेही कळलं.

"अगं बाई!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की बाईंच्या हातून फोन सुटता सुटता राहिला. "ताई, फोन लावू नका! तो अडवत नाहीये. म्हणजे अडवतोय, पण... कथा संपली नाहीये!"

"काय संपलं नाहीये?"

"तुम्ही फळीवर बसलात ना? इथे जो बसतो तो कथा ऐकायला बसतो. आणि शेवटच्या दोन ओळी म्हटल्याशिवाय इथून कुणी उठत नाही. लहानपणापासून त्याने हेच बघितलंय. त्याला वाटतं, तुम्ही मधेच उठून चाललात! आमच्या मामंजींची कथा अर्धी टाकून!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा कुत्र्याकडे पाहिलं. "मग म्हणा की त्या दोन ओळी!"

सून दोन पावलं मागे सरकली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. ही सून बेसूर होती. थोडीथोडकी नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदा ती शेडमध्ये बसून सगळ्यांबरोबर गाऊ लागली, तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली होती. नवरा त्या दिवसापासून चिडवायचा, "तू गायलीस की खिळे वाकतात." तेव्हापासून ती नुसते ओठ हलवायची. देवाला मनातलं ऐकू येतं, असं म्हणून स्वतःची समजूत घालायची.

"शिंपीभाऊ," तिने काकुळतीने हाक मारली, "तुमचा आवाज चांगला आहे. तुम्ही म्हणा ना! सरली कथा, उठा आता..."

शिंपी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मला येत नाही."

"कितीदा तरी आला होतात कथेला!"

"आलो होतो. पण दुकान असायचं ना... शेवटच्या आधीच मी उठायचो. फाटकात बुवाला डुलकी लागली की त्याला ओलांडून सटकायचो." मान खाली घालून तो म्हणाला, "शेवट मी कधी ऐकलाच नाही."

"म्हणून त्या दिवशी तुम्हाला एवढा वेळ धरून ठेवला!" बाई म्हणाल्या. "जुनी बाकी वसूल केली." आणि मग घड्याळाकडे बघत, "ताई, तुम्ही म्हणताय की नाही?"

सुनेने मामंजींकडे पाहिलं. मामंजी तिच्याकडेच बघत होते. त्यांनी उजवा हात उचलला आणि फळीवर ठेका धरला. धा, धा, मधे एक थांबा, पुन्हा धा. ऑपरेशन झाल्यापासून ते हात ठेक्यासाठी उठले नव्हते. कोरडं सागाचं लाकूड असं काही बोललं, की बुवाची शेपटी जमिनीवर एकदा आपटली.

देवा, तूच सांभाळ आता, असं मनात म्हणून तिने डोळे मिटले आणि गायला लागली.

"सरली कथा..."

सूर कुठल्या कुठे गेला. शिंप्याने दातांखाली टेप धरली. बुवाने डोकं एका बाजूला कलतं केलं; कपाळावर होत्या त्यात आणखी दोन आठ्या पडल्या. ओळखीचं तर आहे, पण हे काय चाललंय, असा चेहरा. तो उठला नाही.

"उठा आता..."

नाही. हलला नाही. डोळे उघडले असते तर ती तिथेच थांबली असती. म्हणून तिने ते आणखी घट्ट मिटले. मामंजींचा ठेका वाढला. आता दोन्ही हातांनी. आणि तेवढ्यात शिंप्याला राहवेना. सुरेल माणसाला बेसूर ऐकवत नाही. त्याने तिच्या पाठोपाठ तीच ओळ उचलली, खालच्या सुरात, पण नीट, जागच्या जागी बसवून. "सरली कथा, उठा आता..." आता तो सूर तिला धरायला मिळाला. ती त्याच्या मागे, तो तिच्या शब्दांच्या मागे, अंधारात दोघांनी एकमेकांचा हात धरून चालावं तसे दोघे चालू लागले.

"देव येतो संगे..." तिने म्हटलं, आणि शिंप्याने ते लगेच उचललं, "देव येतो संगे! पुढे काय, वहिनी, पुढे?"

"वाट सोपी, घर जवळ..."

"वाट सोपी, घर जवळ!" डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या. आवाज भसाडा, पण दणदणीत.

"मन नामी रंगे!"

ठेका थांबला. करवतीवरचा कामगार दारात येऊन उभा होता.

बुवाने आधी पुढचे पाय ताणले. मग मागचे. मग डोकं असं झटकलं, की लाळेची तार सुटून शिंप्याच्या टेपवर जाऊन बसली. आणि मग तो दोन पावलं चालला, फाटक सोडलं, आणि भिंतीच्या कडेला जाऊन बसला. वाट मोकळी.

सून मट्कन खाली बसली आणि हसू लागली, हसता हसता रडू लागली. डॉक्टरीणबाई फाटकातून बाहेर गेल्या. बाहेर जाऊन थांबल्या, वळल्या, आणि पुन्हा आत आल्या. मुद्दाम फळीवर जाऊन बसल्या. उठल्या. बुवा उठून फाटकात आला. बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि एकटीने, त्यांच्या त्या भसाड्या आवाजात, सुरुवातीपासून दोन्ही ओळी म्हटल्या. बुवा बाजूला झाला.

"चुकीचं कुठे म्हटलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

मामंजींनी हसून मान हलवली. चालतं, असा अर्थ.

"असं आहे," बाई म्हणाल्या, "ज्याला जायचं कधी हे कळतं, तो कुत्रा माझ्या दृष्टीने शहाणा. हा पास. मघाशी पहिल्यांदा म्हटलं होतं तेच खरं. फक्त फाटकावर या दोन ओळी मोठ्या अक्षरांत रंगवून लावा. मीटरवाला पुन्हा येईल, त्याला खिडकीतून उडी मारायला लावू नका." त्या बुवाच्या कपाळावरून हात फिरवून गेल्या. स्कूटर चालू करताना त्या तीच ओळ गुणगुणत होत्या, आणि हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं.

मामंजींनी सुनेला हाताने जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता सुराबद्दल काहीतरी. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड तिच्या कानाशी नेऊन हवेने म्हटलं, "उद्या संध्याकाळी. तू गोष्ट सांग. मी ठेका धरतो."

"आणि गाणार कोण, मामंजी? मी? लोक पळतील."

मामंजींनी फाटकाकडे बोट दाखवलं. "पळतील कसे?"

तेवढ्यात नवरा धावत आला, घामाघूम, हातात मांसाची भलीमोठी पुडी. "हलला का? हलला का? बाई कुठे आहेत? गाडी आली का?"

"बाई गेल्या," सून म्हणाली. "बुवा पास. मी गायले."

"तू गायलीस?" त्याने आधी बुवाकडे पाहिलं, मग भिंतीतल्या खिळ्यांकडे.

"सगळे सरळ आहेत. बघून घ्या."

बुवाने पुडी हुंगली, आणि ती आपल्यासाठीच आहे असं समजून नवऱ्यावर रेलला. नवरा भुशात. पुडी बुवाच्या पुढ्यात.

या सगळ्या धांदलीत शिंपी मात्र अजून गेला नव्हता. तो फळीवर बसून टेप पुसत होता. "वहिनी," तो म्हणाला, "ते 'देव येतो संगे' आहे ना, तिथे तुम्ही फारच वर जाता. तिथून खाली यायचं असतं. आणि एक विचारायचं होतं... त्या ओळींच्या आधी काय असतं? म्हणजे मी नेहमी उठायचो, त्यानंतर काय व्हायचं? राजाला मुलगा सापडतो का शेवटी?"

"उद्या या," सून म्हणाली. "सांगते."

"येतो. आता निघतो, दुकान उघडंच टाकून आलोय." तो उठला, फाटकाशी गेला.

बुवा मांस अर्धं टाकून फाटकात येऊन उभा राहिला होता.

शिंप्याने मागे वळून सुनेकडे पाहिलं. सुनेने खांद्यावरचं फडकं सारखं केलं, मामंजींनी हात फळीवर ठेवला.

"बसला होतात ना, भाऊ?" ती म्हणाली. "मग आता म्हणा. आणि पहिल्यापासून."